फळीवरचा नवरदेव

सूर्याजीचा फोटो तिसऱ्या स्थळाकडून परत आला, तेव्हा त्याचे वडील पांडुरंगराव तो घेऊन थेट ग्वाल्हेरच्या गोरखी मोहल्ल्यात नानाच्या स्टुडिओत शिरले आणि काउंटरवर आपटून म्हणाले, "नान्या, हा माझ्या पोराचा फोटो आहे का पंचनाम्याचा?"

नाना टेंबे चहा पीत होता. त्याने फोटो उचलून नीट पाहिला. पगडी, अचकन, हातात तलवार, मागे पडद्यावर रंगवलेला किल्ला. सगळं ठाकठीक. मधला माणूस तेवढा गेल्यासारखा दिसत होता.

"काय म्हणाले या वेळी?"

"साताऱ्याचे लोक म्हणाले, मुलाची तब्येत सुधारली की कळवा."

नानाच्या नाकात चहा गेला. पन्नाशीला टेकला तरी या माणसाला वेळकाळ कळत नसे. त्याच महिन्यात त्याने दुकानाबाहेर पाटी लावली होती, 'भोपाळला जाणाऱ्यांसाठी खास रडका फोटो. रडू घरून आणावे.' साल छप्पन होतं. आधी ग्वाल्हेर संस्थान गेलं, मग मध्यभारत झाला, राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी नांदत राहिली. आता मध्यभारतही मोडणार होता, दफ्तरं नव्या राजधानीला, भोपाळला निघाली होती आणि गोरखीसकट शहरातली अर्धी लष्कर वस्ती सामान बांधत होती.

"हस तू," पांडुरंगराव म्हणाले. "तिन्ही फोटो तुझेच. आता चौथं स्थळ महिपतरावांचं. इंदूरचे आहेत, सचिवालयात. सोमवारी भोपाळला चालले. त्यांच्या विमलला सूर्याजीने नवरात्रात आरतीला पाहिलं, तेव्हापासून भाकरीकडे बघत नाही. हे स्थळ तुझ्या फोटोपायी गेलं ना, तर कुसुम तुझ्या दारात येऊन बसेल."

"वहिनींना मी चहा देईन. पण त्यात माझा काय कसूर? तुमचं घराणं रिसाल्यातलं. 'हलू नका' म्हटलं की तुझा पोरगा सावधान होतो. श्वास बंद, पापणी लवत नाही. मेलेला माणूससुद्धा जरा सैल उभा राहतो."

"मग?"

"मतलब, न हलता तो मरतो. तर हलताना काढू."

हलताना सूर्याजी कसा दिसतो हे नानाला चांगलं ठाऊक होतं, कारण ते खूळ त्यानेच लावलं होतं. क्लबातून रद्दीत आलेल्या एका विलायती मासिकात त्याला चित्रं सापडली होती. हवाई बेटांवरचे लोक लांब फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटांवरून घसरतात. त्याने ती सूर्याजीला दाखवली. सूर्याजी नहर खात्यात, म्हणजे कालव्यांच्या कामावर होता. ग्वाल्हेरला समुद्र नाही, पण नहर होती, सागवानी फळी होती आणि रिसाला मोडला तेव्हा वडिलांनी घरी आणलेली घोडी होती. काम सुटलं की घोडी काठाने पळायची, दोर ताणायचा, आणि मागे सूर्याजी पाण्यावर उभा, गुडघे वाकवून, तोंडभर हसत. वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. घोडी का थकते म्हणून ते तिला गूळ चारत होते.

अडचण एकच. नानाच्या कॅमेऱ्याची कमान ढिली झाली होती. शटर सावकाश उघडायचं आणि त्याहून सावकाश मिटायचं. तेवढ्या वेळात पळता माणूस चार हात पुढे जाणार आणि फोटोत नुसता फराटा उमटणार. पहिल्या दिवशी तसंच झालं. सूर्याजीचं भूत निघालं आणि घोडीला सात पाय.

मग नानाने डोकं लढवलं. माणूस पळतो, तर कॅमेऱ्यानेही त्याच्या बरोबर पळावं. पाय रोवायचे, कमरेतून वळायचं, चेहरा चौकटीत धरून ठेवायचा आणि वळता वळताच बटण दाबायचं. दोन दिवस तो बाड्याच्या चौकात उभा राहून जाणाऱ्या टांग्यांवर सराव करत होता. टांगेवाले विचारायचे, "क्यों नाना, आज सबेरे से ही चढ़ा ली?" तो मान हलवून पुढच्या टांग्याकडे वळायचा.

शुक्रवारी जमलं. फोटोत पाणी चांदीच्या तारांसारखं ओढलं गेलं होतं, झाडं, काठ, आकाश सगळं धावत होतं, आणि त्या धावपळीत सूर्याजीचा चेहरा स्वच्छ, दातांसकट.

पांडुरंगरावांनी फोटो बघितला. आधी म्हणाले, "पगडी कुठाय?" मग म्हणाले, "आणि ही माझी घोडी ना?" मग तो रुमालात गुंडाळून महिपतरावांकडे निघाले, नानालाही बरोबर घेतलं.

महिपतरावांना मात्र तो पटला नाही. त्यांच्या बिऱ्हाडात खोकी रचलेली होती, त्यातल्याच एकावर बसून त्यांनी फोटो हातभर लांब धरला. "पडदा आहे. मागे कापड ओढलंत आणि पोराला पाटावर उभं केलंत. ग्वाल्हेरचं काम, दुसरं काय."

"इंदुरात पाणी रंगवतात होय?" नाना म्हणाला. "आमच्याकडे खरं वापरतात."

विमलने दारातून हात पुढे केला आणि फोटो घेतला. बराच वेळ पाहिला. "बाबा, मला हे प्रत्यक्ष बघायचंय."

"रविवारी सकाळी," महिपतराव नानाला म्हणाले. "खोटं निघालं तर भोपाळला पोचायच्या आत सगळ्या सचिवालयाला सांगेन."

रविवारी नहरेवर पोचल्याबरोबर नानाने कपाळावर हात मारला. पांडुरंगरावांनी पोराला पगडी आणि अचकन चढवली होती. तलवार कुसुमवहिनींनी कशीबशी काढून घेतली म्हणे. सूर्याजीने समोर विमलला पाहिलं, तिचे वडील पाहिले, आणि नानाच्या डोळ्यांदेखत तो फळीवर फोटोतल्यासारखा झाला. त्या जुन्या तीन फोटोंतल्यासारखा.

"अरे, गुडघे वाकव," नाना पुटपुटला.

पांडुरंगरावांनी घोडी सोडली. दोर ताणला, फळी सुटली आणि सूर्याजी सावधान अवस्थेतच आडवा होऊन पाण्यात गेला. पगडी एकटीच पुढे तरंगत निघाली.

"झालं?" महिपतराव म्हणाले. "चल विमल, सामान बांधायचंय."

सूर्याजी छातीभर पाण्यात उभा होता. त्याचा चेहरा बघून नानाला पहिल्यांदाच हसू आलं नाही. पोराची यात काही चूक नव्हती. चार डोळे रोखले की तो दगड व्हायचा, एवढंच. मग ते डोळे दुसरीकडे गुंतवले पाहिजेत.

"महिपतराव, जरा ठहरा," नाना म्हणाला. "दोष घोडीचा आहे. पांडोबाला आता घोडी आवरत नाही, वय झालं. इंदूरकरांना घोड्यावर बसता येतं असं ऐकलं होतं. का ते पण पडद्यावरचंच?"

"कोणाचं वय झालं?" पांडुरंगराव उसळले, पण नानाने त्यांचा पाय दाबला.

महिपतरावांनी कोट काढून खुंटाला टांगला. "आमचे आजोबा घोडेस्वार भालाईतांच्या पथकात होते," एवढंच म्हणाले आणि टांग टाकून बसले.

"आणि तू, पोरी, हे धर." नानाने कॅमेरा विमलच्या हातात दिला. "एकच फोटो उरलाय. माझी कमर धरलीय आज. पाय रोव, त्याला चौकटीत धर आणि त्याच्या बरोबर वळत राहा. हात थांबला की गेला फोटो. दुसरीकडे बघायचं नाही."

"अन् बटण दाबायचं केव्हा, ते कळणार कसं?"

"ते तुझं तुला कळेल."

पांडुरंगरावांना त्याने पगडी आणायला पिटाळलं. आता सूर्याजीकडे बघत उभं राहिलेलं कोणी नव्हतं. सूर्याजीने ओली अचकन काढून काठावर फेकली, फळीवर चढला आणि दोराला हिसका दिला.

महिपतरावांनी टाच मारली. कचेरीत वीस वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी सुटल्यासारखी घोडी निघाली. "अजून तेज, काका," मागून सूर्याजी ओरडला, आणि काकांनी खरंच तेज केली. फळीच्या दोन्ही बाजूंना पाणी उभं राहिलं. सूर्याजी वाकला, तोल गेला, सावरला, हसला. विमल वळत गेली, वळत गेली, पदर खांद्यावरून घसरला तरी वळतच होती. कॅमेऱ्याचा खटका नानाने ऐकला आणि मनातल्या मनात गोरखीतल्या संस्थानी देवघराला नारळ बोलला.

दुपारी स्टुडिओत सगळे ओल्या फोटोभोवती जमले. सूर्याजी दाराबाहेर पायरीवर बसला होता, आत यायची त्याची हिंमत होईना.

"काय मग, विमल?" महिपतराव म्हणाले. "मोकळेपणी सांग. नाही म्हणालीस तरी चालेल."

विमल फोटोकडे बघत राहिली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तिला कशाला विचारता?" नाना म्हणाला. "हा कॅमेरा चहाडखोर आहे. नजर केसभर हलली असती तर पोराचा चेहरा पुसला गेला असता. बघा, मिशीचा केस न् केस मोजून घ्या."

महिपतरावांनी चष्मा लावून मिशी पाहिली. मग मुलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, पण फोटो सोडला नाही. पांडुरंगरावांनी हातातली ओली पगडी झटकून घाईघाईने डोक्यावर ठेवली, व्याहीभेटीला उघडं डोकं नको म्हणून.

"ते ठीक," महिपतराव जरा वेळाने म्हणाले. "पण यात मी कुठे आहे?"

नानाने कडेच्या एका लांबुळक्या काळ्या फराट्यावर बोट ठेवलं. "हे तुम्ही. आणि हे खालचं, ही घोडी."

महिपतरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. दाराशी जाऊन त्यांनी सूर्याजीच्या पाठीवर थाप मारली आणि आवाज खाली आणून विचारलं, "जावईबापू, गाडी उद्या संध्याकाळची आहे. सकाळी घोडी मोकळी असेल का?"