क्विंतामावशीची जागा

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, माझा रंग केव्हाच उडाला, हल्ली कोंबड्या माझ्यावर चढून बसतात. पण माझी तक्रार कोंबड्यांबद्दल नाही.

गिनी-बिसाऊच्या खाजणात, स्वातंत्र्याच्या लढाईच्या काळात, बॉम्बनं पडलेल्या एका झाडातून आम्हां पाच भावंडांना घडवलं. मुक्त झालेल्या प्रत्येक गावात पाच जणांची समिती असावी आणि त्यात दोन बायका हव्यातच, असा चळवळीचा नियम होता. आमच्या गावानं त्याला आपली रीत जोडली. स्टुलावर बसेल त्याला मत, उभा राहील त्यानं नुसतं ऐकायचं.

म्हातारे कुरकुरले, "बायका इथं बसल्या तर भात कोण कांडणार?"

"तुम्ही कांडा की, काका! हात काय शोभेला दिलेत?" म्बाना हसत म्हणाला. तो आमच्या भागातल्या लढवय्यांचा तरणा म्होरक्या. त्यानं क्विंतामावशीला हाताला धरून माझ्यावर बसवलं. "बस मावशी. चिखलात राबेल त्याची जमीन. तुझ्या होकाराशिवाय इथं पान हलणार नाही."

मला केवढा अभिमान वाटला! माझ्यावर बसूनच मावशीनं लढणाऱ्यांना भात वाटला, खारं पाणी अडवायला बांध कुठं घालायचा ते ठरवलं. तिचा थोरला मुलगा लढाईत मारला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती बैठकीला आली.

स्वातंत्र्य मिळालं. म्बाना राजधानीत मोठा साहेब झाला. बऱ्याच वर्षांनी त्याची जीप गावात आली, तेव्हा बायकांनी हौसेनं माशाचं कालवण रांधलं. जेवून झाल्यावर समिती बसली. तो म्हणाला, "बांधाकडची खाचरं सरकारनं मला दिलीत. तिथं काजू लावीन म्हणतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

ती खाचरं मावशीची होती. तिनं तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, "मावशी, जरा ऊठ. पाहुण्याला बसू दे."

पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. ती उठली, तो बसला.

"अरे पोरा, ही जागा तूच दिली होतीस ना मला?"

"तेव्हा लढाई होती, मावशी. आणि उभ्यानं बोलायचं नसतं."

बाकीच्या चौघांनी खाली बघत माना डोलावल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, रंग द्या. पण आधी बघा, आमच्यावर बसायला कुणाला उठवलं आहे. त्या दिवशी म्बानाखाली मोडून पडावंसं मला फार वाटलं. पण त्या लोकांनी मला फार विश्वासानं, फार पक्कं घडवलं होतं.