आर्विदआजोबांची बारावी रचना

मित्रांनो, मी एक जुनी सुरांची वही आहे. माझा जन्म स्वीडनचा आणि घर शहापूर तालुक्यातल्या भातसानगरचं. हसू नका, खरं तेच सांगते आहे.

मला लिहिलं आर्विद नावाच्या संगीतकारांनी. मी त्यांना आजोबाच म्हणते. स्टेशनमास्तरांचा हा मुलगा चर्चमधला ऑर्गन वाजवत मोठा झाला. बाकीचे संगीतकार गडगडाटी, अवघड रचना करत होते, तेव्हा आजोबांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या नाचगाण्यांचे नेटके साचे घेतले आणि त्यांत आपले नवे सूर भरले. अशा संगीताला नवअभिजात म्हणतात. एकही सूर जास्तीचा नको, हा त्यांचा हट्ट. त्यांनी दोन सिंफनी लिहिल्या, रेडिओसाठी ढीगभर संगीत केलं, पण जीव लावला माझ्यावर. घरी बसून वाजवणाऱ्या साध्या माणसांसाठी माझ्यात बारा छोट्या रचना आहेत. जाणकारांनी जुनाट म्हणून नाकं मुरडली. बारावी रचना आजोबांनी बायको वारल्यावर लिहिली आणि शेजारी त्यांच्या भाषेत सूचना दिली, 'एकट्याने, एकदाच वाजवावी.' त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही.

त्यांची मुलगी इंग्रिड इंजिनियर. भातसानगरच्या धरणाची यंत्रं बघायला ती इथे आली आणि कामगारांच्या वसाहतीतल्या भजनात रमली. पेटीवर होते धरणाच्या दरवाजांवर काम करणारे रघूकाका. जाताना तिने मला त्यांच्या हाती दिलं. काकांना माझ्यातली परदेशी स्वरलिपी कळेना. चार वर्षं मी पेटीखाली टेकू म्हणून होते. कसर लागली. राग आला, खोटं कशाला बोलू?

मग यंदा इंग्रिडचा फोन आला. वडील ब्याण्णव वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. रोज विचारतात, माझं कुणी वाजवतं का?

काका ओशाळले. कल्याणला कीबोर्ड शिकलेल्या आपल्या मुलीला म्हणाले, "नम्रता, म्हातारा वाट बघतोय गो. आन् आमी वही पेटीखाली घातली."

"द्या इकडं बाबा. ही शेवटची सोपी दिसतेय."

नम्रताने मला पुसलं आणि बाराव्या रचनेचे सूर सारेगममध्ये उतरवून दिले. ती बाजूची सूचना मात्र तिला वाचता आली नाही.

रविवारी दुपारी काकांचं भजनी मंडळ इंग्रिडला फोन लावून समोर बसलं. काकांनी पहिली ओळ वाजवली आणि मी घाबरले. भजनात बुवांची ओळ मागे बसलेले झीलकरी उचलतात, ती एकटी सोडायची पद्धतच नाही. सगळ्यांनी 'हो हो' करत, टाळ धरून ती ओळ परत म्हटली. प्रत्येक ओळ तशीच, आणि शेवट तर चढ्या लयीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पलीकडे आजोबा रडत होते. का रडता, असं इंग्रिडने त्यांना विचारलं आणि त्यांचं उत्तर इंग्रजीत कळवलं, ते नम्रताने काकांना सांगितलं.

"ते म्हणतात, एवढी वर्षं त्या ओळीला कोणी उत्तरच दिलं नव्हतं."

काका पेटी सोडून फोनजवळ सरकले. मग म्हणाले, "त्यांना सांग, आमी हाव."

आजोबांच्या सांगण्यावरून नम्रताने ती सूचना खोडली आणि तिथे पेन्सिलीने लिहिलं, 'सगळ्यांनी मिळून.' भातसानगरच्या या माणसांचे उपकार मी कशी विसरेन?

मित्रांनो, घरात एखादी न कळणारी वही असेल तर ती पुसा, वाचता येणाऱ्याला दाखवा. फक्त उशीर करू नका. माझ्या आजोबांच्या हाती त्या रविवारनंतर अकराच दिवस होते.