पाच नंबरचं घर

मी शंखातली खेकडी बोलतेय. आणि पहिलंच सांगते, माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. 'मी पाच नंबर नाही' म्हणून बादलीच्या भिंतीवर आपटून आपटून नांगीचं टोक झिजलं. ऐकणाऱ्यांना काय वाटलं? भूक लागली असेल, खोबरं टाका.

टाकलं. मीही खाल्लं. पोट कुणाला चुकलंय?

आमचा जन्म समुद्रातला. आई वर्षातून एकदा डोंगरावरून खाली उतरते, लाटेत अंडी झटकते आणि मागे न बघता परत फिरते. तिला निर्दयी म्हणू नका. थांबली तर लाट तिलाही ओढून नेईल. मी मसुराच्या दाण्याएवढ्या शंखात शिरून वाळूवर आले. आमची पाठ उघडी, मऊ, बोट लावलं तरी दुखणारी. कुणाचा तरी रिकामा शंख मिळाला तर जगायचं, नाहीतर पक्ष्याच्या चोचीत जायचं. त्यात अंग वाढतं, शंख वाढत नाही. म्हणजे जन्मभर घरं बदलणं आलं.

मोठा शंख सापडला की आम्ही मोठीमागे धाकटी अशा ओळीनं उभ्या राहतो. सगळ्यात मोठी नव्या घरात जाते, तिच्या घरात तिच्या मागची, तिच्या घरात तिसरी. एका शंखात आठ जणींची सोय होते. कुणी ढकलत नाही. हॉटेलातल्या नाश्त्याच्या टेबलापाशी पाहुण्यांची रांग मी बघितली आहे. आम्ही बऱ्या.

पूर्वी या बेटावर शंखांना तोटा नव्हता. माणसं रविवारी समुद्री गोगलगायींचं कालवण करायची आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मोठे शंख मागच्या दारी टाकायची. व्हर्लीनच्या आईनं टाकलेल्या शंखांत माझ्या आत्या-मावश्यांचे संसार झाले. व्हर्लीन तेव्हा फ्रॉकातली पोर होती. उकिडवी बसून आमची ओळ बघायची. मागे राहिलेल्या बारकीकडे काडीनं शंख सरकवायची. हे लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

मग किनाऱ्यावर हॉटेल झालं. पाहुणे आले आणि वाळूवर पडले, सुकत घातलेल्या मासळीसारखे. आधी पालथे, मग उताणे. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी पाठ भाजते, नवरा-बायको एकमेकांवर खेकसायला लागतात आणि ऑफिसात जाऊन विचारतात, "इथं उन्हात पडण्याशिवाय काही आहे की नाही?"

हॉटेलचा साहेब प्रॉसर. त्यानं व्हर्लीनला बोलावलं. ती तोवर तिथं चादरी बदलत होती.

"मिस व्हर्लीन, तुम्ही बोलक्या. या लोकांना वाळूवरून उठवा. हसवा, पळवा, काहीही करा."

तिनं केलं. खोटं कशाला बोलू, बाई हुशार. सकाळी पोरांना घेऊन शंख वेचायचे. मग काचेच्या तळाच्या होडीतून मासे दाखवायचे. जेवणानंतर म्हाताऱ्यांना पत्र्याच्या पिंपावर ताल धरायला शिकवायचा. आणि उन्हं कलली की खेकड्यांची शर्यत.

शंख वेचण्यानं आमचा घात झाला. एकेक पोर बादली भरून शंख न्यायचं. आमची घरं विमानात बसून गेली, जिथं समुद्रच नाही अशा गावांत, कपाटावर ठेवायला. मी त्या साली अंगानं भरले आणि बदलायला शंख नाही. घट्ट झालेल्या घरात पाय आत ओढून घेता येईनात. तशी अर्धी बाहेर लोंबत असताना व्हर्लीननं मला समुद्री द्राक्षाच्या झाडाखाली पकडलं.

शंखाच्या पाठीवर लाल रंगानं तीन आकडा काढला. काढताना तिला माझा डावीकडचा पाय दिसला. त्याचं टोक पक्ष्यानं नेलेलं.

"अगं बाई, तुझाही पाय अधू? माझाही गुडघा असाच गं," म्हणाली, आणि फुंकर मारून रंग वाळवला. मला ती आवडली. हेही लपवत नाही.

शर्यत अशी. वाळूत दोराचं गोल रिंगण. मधे आम्हाला बादलीखाली झाकायचं आणि बादली उचलायची. जो आधी दोर ओलांडेल तो जिंकला. त्याच्या नावानं ओरडणाऱ्याला गवताची टोपी.

"या मंडळी, पाठ भाजली, आता पोट भाजायच्या आत उठा! हे पाच नंबर, आमचे डिकनसाहेब! आमच्या चर्चमधले डिकन प्रार्थना संपली की जेवणाकडे असेच सुटतात! आणि या तीन नंबर, मिस कॉर्डेलिया! चार नवरे सोडले, पण जागा सोडायच्या नाहीत!"

लोक खदाखदा हसायचे. एक म्हातारा रोज माझ्या बाजूनं ओरडायचा.

"तुम्ही जन्मभर हरणारीच निवडता," त्याची बायको म्हणायची.

"खरंय. लग्नाचे फोटो बघ."

मी पळत नव्हते ते हट्टानं नाही. घर काचत होतं. आणि डिकन जिंकायचा तो हौसेनं नाही. तो भित्रा होता. ऊन डोळ्यावर आलं की जीव मुठीत धरून सुटायचा. लोक त्याला शूर म्हणून टाळ्या वाजवायचे.

शनिवारी पाहुणे बदलायचे. त्या दिवशी व्हर्लीन आम्हाला झाडाखाली सोडायची आणि नवे खेकडे धरायची. नियम चांगला होता. एकच अपवाद, साहेबाच्या हुकमानं. "पाच नंबर सोडायचा नाही. त्याचा फोटो हॉटेलच्या पाटीवर लागलाय."

शुक्रवारची शर्यत झाली. बादली सावलीत होती. मी डिकनच्या शंखावर ठोठावलं.

"ए भित्र्या, तुझं घर तुला केवढं ढगळ. मला माझं काचतंय. बदलतोस?"

"घे बाई. ह्या घराला लोक फार ओरडतात."

दोघं एकदमच बाहेर आलो, उघड्या पाठीनं, आणि एकमेकांच्या घरात शिरलो. किती दिवसांनी मी पाय आत ओढून घेतले! सुख म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं. उद्या शनिवार, उद्या सुटका, असं म्हणत निजले.

शनिवारी व्हर्लीननं एकेकाला उचलून झाडाखाली ठेवलं. एक, दोन, तीन. तीन नंबर गेला, आत डिकन. चार गेला. आणि माझ्यावर झाकण पडलं.

माणसं दारावरचा आकडा वाचतात. आत कोण राहतंय ते बघत नाहीत. मी ठोठावलं, खरवडलं, पाणी सांडलं. खोबरं आलं.

मग मी ठरवलं, पळायचंच नाही. हरणाऱ्याला कोण ठेवून घेईल? बादली उचलली की मी बसून राहायची. एक आठवडा, दुसरा आठवडा. पाहुणे चिडले. "हाच का तुमचा पाटीवरचा पैलवान?"

साहेब स्वतः वाळूत उतरला, बूट घालून.

"मिस व्हर्लीन, हा डिकन नाही. तुम्ही चुकून खरा सोडून दिलात. तसं असेल तर सांगा. खेळ बंद करू, आणि तुम्हीही घरी बसा."

"नाही हो साहेब!"

तिनं मला उचललं, उलटं केलं. मी होती नव्हती तेवढी बाहेर आले. बघ म्हटलं. तिचा अंगठा माझ्या अधू पायावर आला आणि तिथंच थांबला.

तिनं ओळखलं. मी डोळ्यांनी पाहिलं. मागच्या दारी उकिडवी बसणारी ती पोर तिच्या डोळ्यांत आली, आणि गेली.

"हाच डिकन आहे, साहेब," व्हर्लीन म्हणाली. "ऊन बाधलंय त्याला. करते मी बरा."

साहेब गेल्यावर बादलीवर वाकून मला म्हणाली, "काय करू गं? धाकटीची शाळा आहे. परत चादरी बदलायला हा गुडघा वाकत नाही. हा हॉटेलचा झगा मलाही घट्ट होतो, मी टाकला का काढून? तू आता डिकन. गप राहा."

तेव्हापासून सकाळचं खोबरं बंद. शर्यतीआधी ती दोरावर एकाच जागी भाजलेलं खोबरं चोळायची आणि मला तिकडं तोंड करून ठेवायची. भूक कुणालाही पळवते. मी पळाले. जिंकले. टोप्या उडाल्या, टाळ्या पडल्या, पाटीवर नवा फोटो लागला. जितकी जिंकले तितकं झाकण घट्ट बसलं.

आता ऑगस्ट आहे. माझ्या पोटाशी अंडी आहेत. बाप कोण विचारू नका, तो शनिवारी सुटला. अंडी पिकत आली की खारं पाणी लागतं. बादलीत नळाचं गोडं पाणी आहे. लाटेचा आवाज इथं ऐकू येतो. कालपासून दुसराही आवाज येतोय. कोरड्या ओढ्यातून शंखावर शंख खडखडत, आमच्या सगळ्या बाया डोंगरावरून समुद्राकडे निघाल्यात.

अंड्यांमुळे पाच नंबरचं घरही मला पुरेना. व्हर्लीनच्या ते लक्षात आलं. तिच्या लक्षात येत नाही असं काहीच नसतं. आज ती कालवणाचा वास येणारी पिशवी घेऊन आली. रविवारचं कालवण झालं होतं. पिशवीतून तिनं एक शंख काढला. मोठा, जड, आतून मोत्यासारखा. असा शंख मी तिच्या आईच्या मागच्या दारानंतर पाहिला नव्हता. माझ्यासमोर ठेवला आणि काडीनं हळूच पुढे सरकवला. तस्साच, लहानपणीसारखा.

"जा बाई. बाळंतिणीला ऐसपैस हवं."

मी शंखाला वळसा घातला. मागच्या बाजूला, अजून नीट न वाळलेल्या लाल रंगात, पाच आकडा होता.

शिरले मी. काय करणार? पाठ उघडी ठेवून किती वेळ थांबणार?

तुम्ही कधी अशा किनाऱ्यावर गेलात तर होडीत बसा, पिंप वाजवा, खुशाल हसा. पण वाळूतला शंख तिथंच राहू द्या. रिकाम्या घराचीही कुणी वाट बघत असतं. आणि आकडे घातलेल्या शंखांची बादली दिसली तर झाकण उचला.

डिकनला मी बोल लावत नाही. भित्रा होता, सुटला, बरं झालं. पाहुणे चार दिवसांचे. साहेबाला खेकडा म्हणजे आकडा, त्याला कुणी कधी शिकवलंच नाही. माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही असं मी आधी म्हटलं. यांनी खरंच ठेवला नाही, म्हणून यांना माफ. पण एकीनं ठेवला. अंगठा पायावर ठेवून ठेवला. उद्या माझी अंडी या गोड्या पाण्यात मेली, तर पाटीवर फोटोखाली तिचं नाव लिहा. व्हर्लीन फ्रेट.