निळ्या पेन्सिलीतलं गाणं

आमच्या बँडमध्ये कुणालाही नोटेशन वाचता येत नाही, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाकं मुरडायला नकोत. ड्रमवर माझा दादा, जो एरवी लिफ्ट दुरुस्त करतो. क्लॅरिनेटवर वहिनी, शाळेत गणित शिकवते. माणसाहून उंच असा तारांचा बेस वाजवतात आमचे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून पाठ आखडते, म्हणून मुद्दाम उभ्यानं वाजवायचं वाद्य घेतलं, असं ते म्हणतात. आणि अकॉर्डियन माझ्या गळ्यात. गळ्यात पडलंय म्हणा ना.

मग वाजवतो कशावरून? तर मी कॉमिक्स काढते. पोटापाण्याचा उद्योगच तो. त्यामुळे गाणीसुद्धा मी चौकटींतच काढते. मोठी चौकट म्हणजे जोरात. अरुंद चौकटी ओळीनं आल्या की सुसाट. कुणी जिन्यावरून गडगडत आलं की वहिनीनं वरच्या सुरावरून घसरत खाली यायचं. कोरी चौकट म्हणजे सगळ्यांनी गप्प, आणि चौकट जेवढी मोठी तेवढं जास्त वेळ गप्प. हा शेवटचा नियम वहिनीचा, आणि ती त्या बाबतीत शाळेतल्यासारखीच कडक आहे. लोकांना हे सांगितलं की आधी हसतात आणि मग विचारतात, खरंच? खरंच. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

तर त्या आठवड्यात माझी नुसती तारांबळ चालली होती. शनिवारी पुस्तक द्यायचं होतं आणि रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचा पहिला तिकिटाचा कार्यक्रम होता. पुस्तक होतं मावशीचं. म्हणजे माझ्या कॉमिक्समधल्या मावशीचं; खरी मावशी बँकेत आहे आणि तिला हे आवडत नाही. माझी मावशी दारं चोरते. घरात सोनंनाणं उघडं पडलेलं असो, ती ढुंकून बघत नाही. बिजागऱ्या काढते, दार पाठीवर घेते आणि चालायला लागते.

त्यात सोमवारी संपादकबाईंनी बॉम्ब टाकला. म्हणाल्या, मावशीची एकदम सहा पुस्तकं करू, पण बँड सोडायचा.

"तू दोन डगरींवर पाय ठेवून उभी आहेस," त्या म्हणाल्या. "रविवारी मी ऐकायला येते. कार्यक्रम झाला की उत्तर दे."

मला इतका राग आला की मी त्यांच्यासमोरच त्यांच्या टेबलावरची सगळी बिस्किटं संपवली. पण खोटं कशाला बोलू, बाईंचं चुकलं नव्हतं. मागचं पुस्तक मी दीड महिना उशिरा दिलं होतं, कारण आम्ही चौघं एका नव्या गाण्यात अडकलो होतो. आणि सहा पुस्तकं म्हणजे काही चेष्टा नाही. लहानपणापासून मला तेच हवं होतं. मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं.

आता अडचण एकच. दादाला सांगायचं कसं? हे अकॉर्डियन मला त्यानंच जुन्या बाजारातून आणून दिलेलं, खांद्यावरून वाहत. मी रोज ठरवायचे, आज सांगते. आणि रोज जेवताना तो नव्या गाण्याचा ठेका ताटाच्या कडेवर असा काही खुशीत वाजवायचा की मी निमूट आणखी एक पोळी वाढून घ्यायचे. भांडायला मी कुणाला ऐकत नाही, पण असल्या गोष्टीत एक नंबरची भित्री. शेवटी ठरवलं, कार्यक्रम होऊ दे, मग सांगू.

शुक्रवारी टेबलावर एका बाजूला मावशीची पानं आणि दुसऱ्या बाजूला गाण्याची पानं. मी आधी फिक्या निळ्या पेन्सिलनं काढते आणि मग वरून काळी शाई चढवते. निळी अशासाठी की ती झेरॉक्समध्ये उमटत नाही, त्यामुळे खोडत बसावं लागत नाही. गाण्याचं शेवटून दुसरं पान निळ्या पेन्सिलनं झकास झालं होतं. तेवढ्यात मावशीच्या पानावरची शाई वाळली, म्हणून तिकडे वळले. परत आले तर वहिनी म्हणाली, "चिंगे, दे ती पानं, मी शाळेतून झेरॉक्स काढून आणते." मी दिली. मूळ पानं परत आली ती मी माझ्यासाठी ठेवली आणि झेरॉक्स तिघांना वाटल्या. कुणी उघडून बघितल्या नाहीत, कारण गाणं सगळ्यांना येत होतं. म्हणजे मला तरी तसं वाटत होतं.

रविवारी हॉल भरला. पहिल्या रांगेत संपादकबाई, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर काही नाही. पण आम्ही काय सुटलो होतो त्या दिवशी. डॉक्टर बेसला कवटाळून डुलत होते, वहिनीचे गाल लाल झाले होते आणि दादा असा वाजवत होता की लिफ्ट थेट गच्चीवर. मग आलं ते नवं गाणं. शेवटून दुसरं पान आलं आणि मी जोरात सुटले, भात्यात होती नव्हती ती हवा लावून.

दोन चौकटी गेल्यावर लक्षात आलं की हॉलमध्ये मी एकटीच वाजवतेय.

बघते तर वहिनी क्लॅरिनेट तोंडाला लावून पुतळा. डॉक्टरांचं बोट तारेपासून वीतभर लांब. दादाच्या दोन्ही काठ्या डोक्याच्या वर, हवेत. मला वाटलं, बँडनं माझ्याविरुद्ध संप केला. "वाजवा की," मी दातओठ खात पुटपुटले. वहिनीनं नुसते डोळे वटारले आणि भुवईनं तिच्या स्टँडकडे बोट दाखवलं. भुवईनं बोट दाखवणं फक्त गणिताच्या बाईंना जमतं. मी वाकून बघितलं. पान कोरं होतं. वरपासून खालपर्यंत पांढरंशुभ्र.

शाई चढवायचीच राहिली होती. माझ्या पानावर निळी रेघ न् रेघ होती आणि त्यांच्या झेरॉक्समध्ये काही म्हणजे काही नव्हतं. पानभर चौकट म्हणजे पानभर शांतता, आणि ही तिघं ती इमानेइतबारे वाजवत होती. मागे कुणीतरी खोकलं. मग कुणीतरी फिसकन हसलं. दादाच्या काठ्या काही खाली येत नव्हत्या.

मी काय केलं असेल? खिशातून जाडा मार्कर काढला, गुडघ्यावर बसले, अकॉर्डियन पोटाशी तसंच, आणि दादाच्या मोठ्या ड्रमच्या पांढऱ्या पडद्यावर चौकट आखली. ज्या ड्रमवर दादा कुणाला धूळसुद्धा बसू देत नाही, त्या ड्रमवर. चौकटीत मावशी आली, पाठीवर दार. बाजूनं डॉक्टरांना दिसलं आणि बेस पावलं टाकायला लागला. मग मी जिना काढला. वहिनी पायरी पायरी चढली. पायरीवर मी साबण ठेवला तेव्हा पहिली रांग ओरडून मावशीला सावध करायला लागली.

गंमत ही की दादा ड्रमच्या मागे. त्याला चित्र दिसायची सोयच नाही.

"काय काढलंस?" तो कुजबुजला.

"लोकांकडे बघ," मी म्हटलं.

मग तो लोकांचे चेहरे बघून वाजवायला लागला. त्यांचे डोळे मोठे झाले की हा टुपटुप, त्यांनी श्वास रोखला की हा थांबला, आणि मावशी दारासकट जिन्यावरून सुटली तेव्हा हॉलमध्ये जो हशा फुटला, त्याच्या बरोबर मधोमध त्यानं सगळं एकदम आदळलं. मी एका हातानं काढत होते, दुसऱ्या हातानं वाजवत होते, दोन्ही भयंकर वाईट करत होते आणि मला वेड लागल्यासारखं हसू येत होतं. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. सहा पुस्तकं गेली उडत, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

लोक पांगल्यावर संपादकबाई डोळे पुसत स्टेजवर आल्या. हसून हसून त्यांचं काजळ गालावर आलं होतं. "हं, काय ठरलं?" त्यांनी विचारलं. तिघांच्या देखत.

"मी बँड सोडणार नाही," मी म्हटलं. "मावशीलाही सोडणार नाही."

"मग सहा पुस्तकं नाही व्हायची."

"माहितीये."

"दोन होतील. फार तर. पैसेही त्याच हिशोबानं."

मी मान हलवली. बाईंनी ड्रमवरच्या मावशीकडे पुन्हा एकदा बघितलं, फोनवर फोटो काढला आणि गेल्या. वहिनी आणि डॉक्टर बेस उचलून दाराकडे निघाले. मी आणि दादा मागे राहिलो.

"तू सोडणार होतीस," तो म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"सोमवारी बाईंचा घरी फोन आला होता. मी उचलला. त्यांनी आधी तुझ्या सहा पुस्तकांबद्दल माझं अभिनंदन केलं आणि मग बँडबद्दल सॉरी म्हणाल्या." तो झांज पुसत होता. "तुझ्या वहिनीला माहितीये. डॉक्टरांना पण."

"मग कुणी बोललात का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. पण तुला तोंडानं कधी काही सांगता आलंय? सगळं काढूनच दाखवतेस. मग आज ते कोरं पान आलं. म्हटलं, सांगितलंन हिनं."

ते पान बघून तिघांना काय वाटलं असेल, हे मला तेव्हा कळलं.

"मग इतका वेळ काठ्या वर कशाला धरून बसलास?" मी कसंबसं विचारलं.

"खाली घेतल्या असत्या तर संपलंच असतं ना," दादा म्हणाला, आणि स्टँडचा स्क्रू सोडवायला लागला. तो स्क्रू त्यानं आधीच काढलेला होता.