राऊटर कोणी बंद केला

जयवंताबाईंनी टीव्हीशेजारच्या पांढऱ्या डबीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. डबी चांगलीच भाजत होती. बाहेर मे महिन्याचं ऊन, खिडकीतला कूलर नुसती गरम हवा फेकत होता, आणि ही डबी दिवसरात्र दिवे मिचकावत बसलेली. गावी, खाप्याला, त्यांच्या गोठ्यात पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर असाच तापून पेटला होता. दावणीचा बैल सुटू शकला नाही. त्याचं ओरडणं त्यांच्या कानातून अजून गेलेलं नव्हतं. तेव्हापासून वापर नसला की बटण बंद, अशी त्यांनी घराला सवयच लावली होती.

सून दीपाली जेवणं आटोपून आतल्या खोलीत पडली होती. टीव्ही बंद होता. जयवंताबाईंनी त्या डबीचं, राऊटरचं, बटण बंद केलं आणि सुपारी कातरत बसल्या. भिंतीवरच्या गोल कॅमेऱ्याचा निळा ठिपका लाल झाला, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

प्रताप नगरातल्या या फ्लॅटमध्ये त्या पहिल्यांदाच राहायला आल्या होत्या. मुलगा उन्मेष विम्याच्या कचेरीत साहेब होता. चोऱ्या होतात म्हणून कॅमेरा लावला, असं त्याने सांगितलं होतं. दुपारी कधी त्या कॅमेऱ्यातून, जणू भिंतीतूनच, त्याचा आवाज यायचा, "आई, चहा घेतला का वं?" आणि बाई हरखून जायच्या. दीपाली गच्चीवर कुरडया टाकायला निघाली की आधी भिंतीकडे बघून विचारायची, "जाऊ का?" भिंत "जा" म्हणाली की मगच जायची. जयवंताबाईंना वाटायचं, नव्या लोकांचं प्रेम असं असेल.

दीपाली उठून बाहेर आली. कॅमेऱ्याकडे नजर गेली आणि ती जागच्या जागी थिजली. हातातल्या मोबाईलवर उन्मेषच्या मिस्ड कॉलची रांग लागली होती.

"आई, राऊटर कोणी बंद केला?"

"मीच केला वं. केवढा तापला होता! आग लागली असती."

दीपालीने धावत जाऊन बटण सुरू केलं. घाईत ते दोनदा निसटलं. मग तिने उन्मेषला फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिने अंगावरची ओढणी काढून ठेवली आणि केस घट्ट अंबाड्यात बांधले.

"आई, तुम्ही आत जा. दाराला कडी घाला. काही ऐकू आलं तरी बाहेर नका येऊ."

"काहून? काय झालं?"

"ओढणी असली की गळ्यात फास बसतो," दीपाली म्हणाली. विचारलं होतं काय आणि ती सांगत होती काय, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

खाली मोटरसायकल करकचून थांबली. जिन्यात बूट वाजले. उन्मेषने आपल्या किल्लीने दार उघडलं, आतून पुन्हा लावलं आणि किल्ली खिशात टाकली. आईकडे त्याने पाहिलंही नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, हेल्मेट अजून हातात होतं.

"कोण आलं होतं?" त्याने विचारलं. आवाज अगदी हळू, जवळजवळ लाडाचा.

"कोणी नाही. आईंनी..."

हेल्मेट तिच्या कानशिलावर बसलं. दीपाली सोफ्याच्या कडेवर आदळली आणि खाली सरकली. ओरडली नाही. दोन्ही हातांनी डोकं झाकून तिने गुडघे पोटाशी घेतले, ते इतक्या सफाईने, की जयवंताबाईंना कळून चुकलं. ही पहिली वेळ नव्हती.

"उन्मेष! मी बंद केला रे! म्या केला!"

"तू चूप बस आई. हिले वाचवून राहिली तू." त्याने दीपालीच्या कमरेत लाथ घातली. "कॅमेरा बंद करून कोणाले बोलावलं होतं? सांग! सांग म्हणतो ना!"

दुसरी लाथ बरगडीत बसली आणि दीपालीच्या तोंडून हवा निसटल्यासारखा आवाज आला. जयवंताबाई मध्ये पडल्या, त्याचा दंड धरला. त्याने त्यांना झटकून दिलं. कपाळ शोकेसच्या काचेवर आपटलं, काच फुटली, आणि भुवईवरून ऊन ऊन रक्त डोळ्यात उतरलं. एका डोळ्याने त्यांना दिसलं, उन्मेषने बायकोचा अंबाडा मुठीत धरला होता आणि तिचं डोकं तो फरशीवर आपटत होता. एकदा. पुन्हा. त्याचा चेहरा शांत होता. कणीक मळणाऱ्या माणसाचा असतो तसा.

तो शांतपणाच त्यांना सहन झाला नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर लोखंडी खलबत्ता होता, सकाळीच त्यात लसूण-मिरची कुटली होती. त्या बत्ता घेऊन आल्या आणि अंबाडा धरलेल्या मनगटावर त्यांनी तो सारी ताकद लावून हाणला.

हाड मोडल्याचा आवाज खोलीत स्पष्ट ऐकू आला. उन्मेष किंचाळला, मागे बसला, लोंबणाऱ्या हाताकडे बघत राहिला. मग आईकडे.

"आई, हात तोडला तू माझा."

"सोडत काहून नव्हता?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "उठला तर दुसराबी तोडीन."

तो उठला. डाव्या हाताने त्याने त्यांचा गळा धरला आणि भिंतीशी रेटलं. जयवंताबाईंचा श्वास कोंडला, बत्ता हातातून गळाला. आपला पोरगा आपल्याला मारून टाकणार, हे त्यांना अगदी साधेपणाने कळलं. तेवढ्यात दीपाली गुडघ्यांवर उठली. बत्ता तिच्या हाताशीच पडला होता. तिने तो त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर घातला. तो कोसळला. पडल्यावरही तिने आणखी एक घातला, मग आणखी एक. जयवंताबाईंनी तिला मागून मिठी मारली.

"बस वं माय. बस आता. मरून जाईन तो."

"मरू द्या!" दीपाली ओरडली. त्या घरात ती ओरडलेली जयवंताबाईंनी पहिल्यांदाच ऐकली.

समोरच्या फ्लॅटमधली भैरवी दार बडवत होती. किल्ली त्याच्या खिशातून जयवंताबाईंनीच काढली. तो शिव्या देत होता, रडत होता, "आई, पाणी" म्हणत होता. त्यांनी दार उघडलं, भैरवीला पोलिसांना फोन करायला सांगितलं, आणि मग परत येऊन त्याला पाणी पाजलं. पेल्यात त्यांच्या भुवईचं रक्त ठिबकलं.

पोलिसांनी तिघांनाही सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे भुवईला टाके घालून झाल्यावर खाप्याहून नवऱ्याचा, चंपतरावांचा, फोन आला. उन्मेषने त्यांना आधीच कळवलं होतं.

"जिन्यात पडली म्हणून सांग," ते म्हणाले. "सून आज आहे, उद्या नाही. पोरगा आपला आहे."

"तिची बरगडी मोडली हो."

"नवरा-बायकोचं होत राहते. नोकरी जाईन त्याची. लोकाले तोंड कसं दाखवू मी?"

जयवंताबाईंनी फोन ठेवला. बाजूच्या खाटेवर दीपाली पडून होती, डोळा सुजून मिटलेला. सासू काय सांगणार याचा अंदाज तिने बहुधा बांधूनच टाकला होता. बाई हवालदार कागद घेऊन आली तेव्हा दीपालीने तोंड भिंतीकडे वळवलं.

"लिहा," जयवंताबाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत मारलं. हेल्मेटनं, लाथेनं. माझा गळा दाबला. आणि त्याचा हात म्या तोडला, तेबी लिहा."

दीपालीने मान वळवली नाही. पण चादरीखाली तिचे खांदे हलू लागले.

उन्मेषला जामीन मिळाला. दीपाली नंदनवन वस्तीत बहिणीकडे गेली, खटला सुरू झाला. जयवंताबाई खाप्याला परतल्या. चंपतराव त्यांच्याशी बोलेनासे झाले. ताट वाढलं की जेवत, उठून जात. गावात कोणी विचारलं तर बायकोचं डोकं फिरलं म्हणून सांगत. उन्मेष आईला फोन करत नसे. बापाला करी, आणि बाप अंगणात जाऊन हळू आवाजात बोले. रात्री जयवंताबाईंना मनगट मोडल्याचा आवाज ऐकू येई. लहानपणी त्याच मनगटाला त्यांनी काळा दोरा बांधला होता. त्या उठून बसत, रडत, आणि तरी आपण चुकलो असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. संध्याकाळी त्या अंबाडीची भाजी निवडत होत्या. चंपतराव येऊन समोरच्या खाटेवर बसले. बराच वेळ पायाचा अंगठा जमिनीवर घासत राहिले.

"लय मारे का वं तिले?"

त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली.

"लय," त्या म्हणाल्या. "डोकं कसं झाकावं, ते तिच्या अंगात भिनलं होतं."

चंपतरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जयवंताबाईंनी त्यांना उगी केलं नाही. उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.