पारावरची पंगत

माझं किराणा दुकान नांदरखेड्याच्या पारासमोर आहे, त्यामुळे गावात कोण काय खातं हे मला गावाच्या आधी कळतं. बाळंतीण आली की डिंक-खारीक जाते. पाहुणे आले की शेव जाते. घरच्या सुनेसाठी म्हणून वेगळं काही गेल्याचं मला आठवत नाही.

हेमलताताई धुळ्याहून एसटीनं यायला लागल्या तेव्हाच मी ओळखलं, ही बाई माझं गिऱ्हाईक तोडणार. तोडलंच. बिस्किटाचे पुडे पडून राहू लागले. समाजमंदिरात त्या बायकांना स्वस्तातलं सकस खाणं शिकवायच्या. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर लिंबू पिळायचं, जेवल्यावर लगेच चहा नाही. आणि केळफूल! आमच्याकडे घड सुटला की खालचं फूल खुडून बांधावर फेकतात, शेळ्या खातात. ताईंनी ते गोळा करायला लावलं. हाताला तेल लावून कळ्यांतल्या काड्या काढायच्या, कळ्या ताकात भिजवायच्या, मग दाण्याच्या कुटात परतायच्या. फुकटचा माल, आणि वास असा की गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं चित्त ढळावं.

शिकवण्याला कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ताईंच्या नियमाला. शिजेल ते तिथंच बसून खायचं, घरी डबा न्यायचा नाही.

"घरी गेलेला डबा कोण खातं ते मला माहीत आहे," ताई म्हणायच्या. "आधी सासरा, मग नवरा, मग पोरं, मग सासू. सुनेच्या वाट्याला घासायचं पातेलं."

नियम सगळ्यांसाठी होता, पण खरा रेशमासाठी. तोताराम आबांची ही सून, सातवा महिना लागलेला. अंगात रक्त फार कमी. बाळंतपणापर्यंत भरलं नाही तर जिवावर बेतेल, असं नर्सबाई आबांच्या ओट्यावर बसून सांगून गेल्या. आबांनी मान डोलावली. मान डोलवायला काही खर्च येत नाही.

एके दिवशी रेशमाची सासू बेबाबाई डबा घेऊन समाजमंदिरात हजर.

"भर यामा. मना आंडोर काय वारा खाई का?"

"अक्का, तुमच्या मुलालाही शिकवते की! शुक्रवारी पाठवा, भाकरी थापायला."

बायका खिदळल्या. बेबाबाई तरातरा निघून गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत पारावर दुसरा विषय नव्हता.

शुक्रवारी समाजमंदिराला कुलूप. किल्ली समाजमंदिर सांभाळणाऱ्या चुडामण नानांकडे, आणि नाना पारावर आबांच्या शेजारी मांडी घालून.

"ताई, डबा लई जाऊ द्या, किल्ली ल्या. सोपा हिशोब शे."

"हिशोब चुकतोय, नाना. डबा नेला तर रेशमा उपाशी. नाही नेला तर वर्ग बंद, रेशमा तरीही उपाशी. दोन्हीकडे जमा तुमचीच."

मला वाटलं, आता ताई परतीची एसटी धरणार. त्या माझ्याकडे वळल्या. "शेठजी, सतरंजी आहे?"

नाना माझं जुनं गिऱ्हाईक. पण बायका संख्येनं जास्त होत्या. मी सतरंजी दिली.

आमच्या गावात सून पारासमोरून जात नाही. डोक्यावर पदर ओढून मागच्या बोळातून वळसा घालते. त्या दिवशी बायकांनी पाराला लागूनच तीन विटा मांडल्या, कोणी तवा आणला, कोणी पीठ. ओली काटकी धुमसली, वारा पाराकडे होता. पुरुषमंडळी डोळे चोळत एकेक करून उतरली. ताईंनी मोकळ्या पारावर सतरंजी अंथरली आणि ताटं मांडली.

बायका पायरीशीच थबकल्या. पारावर चढायचं म्हणजे काय, हे ताईंना ठाऊक नव्हतं, त्यांना होतं.

पहिली रेशमा चढली. पोटावर हात धरून, सावकाश. पाठोपाठ बाकीच्या.

भाकरी ताटात पडली तोच खालून आबा गरजले, "वहू! ऊठ. घर चाल."

रेशमानं आबांकडे पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला, केळफुलाची भाजी घेतली आणि घास तोंडात घातला. चावला. गिळला.

"उठाड तिले!" आबा बेबाबाईंवर खेकसले.

बेबाबाई पुढे झाल्या. सुनेच्या ताटाकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या.

"कशी उठाडू? घास लिधा तिनी. भरेल ताटवरतीन उठाडतस का कोणले? ते बी गरभार बाईले?"

जेवत्या माणसाला ताटावरून उठवायचं नाही, हे आबांनीच घरादाराला आयुष्यभर बजावलेलं. ते मोडायचं तर साऱ्या गावासमोर मोडावं लागणार होतं.

"खाऊ दे तिले," बेबाबाई पुटपुटल्या. "जेवी की येई ती."

रेशमाला हे ऐकू गेलं असावं. ती एकेक घास सावकाश चावत राहिली. ताट पुसून झालं. आबांनी वाटेकडे बोट दाखवलं, तेव्हा तिनं पदर थोडा मागे सारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"ताई, आखो एक भाकर वाढा."

ताईंनी वाढली. आबा बसायला जागा बघू लागले. पार भरलेला होता.