एकाच दाराची गाडी

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आमचं रामनवमीचं कीर्तन गॅरेजमध्ये होतं; हॉलमध्ये एवढी माणसं मावत नाहीत. यंदा मात्र अर्धं गॅरेज एका गंजक्या गाडीने अडवलेलं. माझ्या नवऱ्याला, गुरुदत्तला, दोन महायुद्धांच्या मधल्या छोट्या जर्मन गाड्या ओळखायचं वेड आहे. शेजारच्या हेल्गाआजींच्या आईच्या वेळच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली हा सांगाडा सापडला, तो त्याने मित्रांना लावून ढकलत घरी आणला.

आजींना एकच गोष्ट कळायला हवी होती. ही पपांची गाडी का? त्या सहा वर्षांच्या असताना पपा गाडीसकट इथल्याच कड्यावरून समुद्रात गेले, असं त्यांच्या आईने मरेपर्यंत सांगितलं होतं. तीच गाडी आईच्याच शेडमध्ये असेल, तर पपा कुठे गेले?

बिल्ला नाही, इंजिन नाही. पण नाकाच्या मधोमध एकाच दिव्याचं भोक, आणि दार फक्त डावीकडे. गुरुदत्त म्हणाला, ही हानोमाग. आजींकडच्या पपांच्या जुन्या फोटोतलं मॉडेलही हेच. पण मॉडेल तेच म्हणून गाडी तीच, असं सांगता येत नाही, हेही त्याने त्यांना समजावलं.

रामकथा ऐकायला मारुती येतो, म्हणून त्याच्यासाठी एक आसन रिकामं ठेवायचं, ही आपली रीत. ऐन वेळी पाट मिळेना. गुरुदत्तने साफ करायला काढलेली गाडीची सीट दिसली, तिच्यावर मी धुतलेलं उपरणं घातलं, फूल ठेवलं. सिडनीतल्या क्वेकर्स हिलहून कीर्तन करायला आलेल्या कादंबरीताईंनी ते पाहिलं.

"मारुतीला गाडीची सीट? शोभतंय हो, मंजिरी."

सगळे हसले. बोलावणं मारुतीला होतं. सीट कोणाची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ताईंनी सीताशोधाचं आख्यान लावलं होतं. त्यांचा गळा असा, की डोळे आपोआप मिटतात. माझे उघडले ते स्प्रिंगच्या कुरकुरीने. उपरण्याला खळगा पडत होता, कोणी जपून टेकावं तसा. डावी बाजू खोल गेली, उजवी वरच राहिली. फूल घरंगळत खळग्यात आलं. ओल्या मातीचा वास सुटला. बाहेर आठवडाभर पाऊस नव्हता.

मोबाईल बघणारी पोरंसुद्धा थिजली. ताईंनीही पाहिलं, पण झांज थांबली नाही. कथा चालू असताना श्रोत्याला उठवत नाहीत.

आजी खुर्चीवरून उतरल्या आणि सीटला लागून जमिनीवर बसल्या. पहिल्या युद्धात पपांचा उजवा खुबा गेला होता, ते असेच एका अंगावर बसायचे, असं त्यांनी माझ्या कानात सांगितलं.

आरती झाली, प्रसाद वाटला. लोक चपला हातात घेऊनच बाहेर पडले. सीट काही वर आली नाही.

गुरुदत्त आजींना उठवायला वाकला. "तीच गाडी आहे, हेल्गा," तो म्हणाला.

"उद्या पोलिसांना शेडची जमीन उकरायला सांगेन," त्या म्हणाल्या. "आज पपांना ऐकू दे."

ताईंनी पिशवीत घातलेली झांज परत बाहेर काढली आणि त्या रिकाम्या गॅरेजमध्ये कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.